आधी सगळं बंद

आमच्या शेजारच्या तांडेलकाकांचा कॉम्प्युटर बाल्कनीत, मच्छरदाणीत राहतो. घरातल्या माणसांना मच्छरदाणी नाही. काका आणि काकू खाडीवरून येणाऱ्या डासांना रोज रक्त देतात आणि सकाळी खाजवत उठतात. पण कॉम्प्युटरच्या त्या काळ्या डब्याला मात्र चारी बाजूंनी पांढरी जाळी, वर एक जुनी छत्री आणि भोवती मुंग्यांच्या खडूची जाड रेघ. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने एकदा ते बघितलं आणि एकदम आवाज खाली आणून विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"पाल शिरते आत," काकांनी मला समजावून सांगितलं. "पाल शिरली की शॉर्ट. शॉर्ट झालं की खेळ खलास. धोका आहे, मंजिरी."

मंजिरी म्हणजे मी. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची बिल्डिंग आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघराची आणि तांडेलांच्या बेडरूमची भिंत एकच आहे. बिल्डरने ती इतकी पातळ बांधलीय की तिकडे काकांनी कूस बदलली तरी मला इकडे कळतं. मी एका ऑफिसचे हिशोब बघते आणि बरेच दिवस घरूनच काम करते. त्यामुळे मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, असा काकांचा ठाम समज आहे. अहो, मला बेरीज-वजाबाकीपलीकडे काही येत नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. पण ऐकतील ते तांडेलकाका कसले!

काका आयुष्यभर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत सेफ्टीला होते. म्हणजे घाबरणं हीच त्यांची नोकरी. कुठे काय पेटेल, कुठून काय गळेल, कोणाचा हात कशात अडकेल, याचा दिवसभर विचार करायचा आणि दुसऱ्यांनाही करायला लावायचा. नोकरी संपली, पण घाबरणं काही रिटायर झालं नाही. कंपनीत त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी सगळं बंद. मग हात लावायचा." मशीन बंद, मेन स्विच बंद, स्विचला कुलूप आणि कुलपाची किल्ली आपल्या खिशात. ते वाक्य त्यांनी घरी आणलं. काकूंना मिक्सरमधली चटणी काढायची असली तरी आधी प्लग काढून तो काकांना दाखवावा लागतो. लिफ्ट आली की काका एक पाय आत ठेवून तिचा अंदाज घेतात, मान हलवतात आणि जिन्याने जातात.

अशा या माणसाला एकच गोष्ट न घाबरता करताना मी ऐकलंय, ती म्हणजे गिटार. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. लग्न, पूजा, गणपती, ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकही मैदान सोडलं नाही असं ते सांगतात, आणि त्यातली निम्मी मैदानं खरी असावीत. पुढे संसार लागला मागे आणि ऑर्केस्ट्रा सुटला, पण गिटार राहिली. रोज दिवेलागणीला ते बेडरूममध्ये पलंगावर बसून वाजवायचे आणि काकू गायच्या.

काकूंचं माहेर ठाण्याच्या खाडीवरचं, कोळीवाड्यातलं. त्यांची आई धवलारीण होती. लग्नघरी हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी ती धवलारीण, आणि ती आल्याशिवाय तिकडे पान हलत नाही. धवल्याला ना ढोलकी, ना पेटी, नुसता गळा. ठेका असा नाहीच. श्वास संपला की ओळ थांबते, श्वास आला की पुढे सरकते. आईचे सगळे धवले काकूंना पाठ, पण चार माणसांसमोर उभं केलं की तोंडातून शब्द फुटत नाही. सख्ख्या भाचीच्या हळदीत कोणी गा म्हणू नये म्हणून त्या मोरीवर भांडी घासत बसलेल्या. त्या गातात फक्त घरात, आणि फक्त काकांच्या गिटारवर. धवल्याला गिटार! काकूंच्या आईने ऐकलं असतं तर मासळीची पाटी जावयाच्या डोक्यावर उपडी केली असती. पण मी भिंतीच्या अलीकडे भाजी चिरता चिरता कित्येक वर्षं ऐकत आलेय, आणि खरं सांगते, हातातली सुरी थांबायची माझी. मात्र दारावरची बेल वाजली की काकू गप्प. मी कौतुक करायला गेले की म्हणायच्या, "मी नाय गो, रेडिओ व्हता."

तर गेल्या दिवाळीनंतर काकांनी एकाएकी हा कॉम्प्युटर आणला आणि जाहीर केलं, "मी घरच्या घरी गिटार रेकॉर्ड करणार." तेव्हापासून आमच्या मजल्यावर एकेक गोष्ट बंद पडायला लागली.

पहिल्याच दिवशी मला हाक आली. काका कानाला हेडफोन लावून पांढरेफटक पडून बसलेले.

"मंजिरी, मी तार छेडतो आत्ता, आणि कानात येते मागाहून. अंगावर काटा येतो गं. वाटतं, आत दुसरा कोणीतरी बसलाय आणि माझी नक्कल करतोय."

मी चार बटणं दाबल्यासारखं केलं आणि "बघा आता" म्हणून पळाले. काकांनी मात्र आठवडाभर व्हिडिओ बघून बघून त्या भुताचा छडा लावला आणि मला पाण्याच्या भाषेत समजावून सांगितला. कॉम्प्युटरच्या आत म्हणे आवाजाची एक टाकी असते. टाकी मोठी ठेवली की ती भरेपर्यंत नळाला पाणी येत नाही, म्हणजे आवाज उशिरा. टाकी लहान केली की पाणी लगेच, पण जरा उपसा वाढला की टाकी कोरडी आणि नळ फुरफुरतो, म्हणजे आवाज फुटतो. डोंबिवलीच्या बाईला पाण्याच्या भाषेत काहीही सांगा, चटकन कळतं.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"टाकी लहान ठेवायची, आणि उपसा करणारे बाकीचे नळ बंद. आधी सगळं बंद."

मग आम्ही बंद करत सुटलो. इंटरनेट बंद. अपडेट बंद. अँटिव्हायरस बंद, नाहीतरी इंटरनेटच नाही तर व्हायरस काय खिडकीतून येणार? प्रिंटर बंद. पडद्यावरचं हिरव्या डोंगराचं चित्र काढून काळा रंग लावला. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा लपवलं, तेही मेमरी खातं म्हणे. सगळ्या कामाची आपोआप दुसरी प्रत काढून ठेवणारं एक काहीतरी होतं, तेही बंद केलं, कारण ते ऐन वाजवताना जागं व्हायचं. प्रत्येक वेळी काका माझ्या मागे उभे राहून सांगायचे आणि बटण मी दाबायचे. डब्याचे बारके स्क्रूसुद्धा मलाच फिरवायला लावायचे. "तू कर. तुझी बोटं हलकी आहेत." मला वाटायचं, घाबरतोय म्हातारा.

आतलं सगळं बंद झालं, तेव्हा काकांना डब्याच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. तो रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून डबा काकूंच्या साड्यांच्या कपाटात गेला. साड्यांमध्ये तो असा तापला की काकूंची लग्नातली जरीची साडी इस्त्री केल्यासारखी गरम लागायला लागली. काका "आग! आग!" ओरडत बादली घेऊन धावले, आणि विजेच्या वस्तूवर पाणी टाकायचं नाही हे ऐन वेळी आठवून ती बादली त्यांनी स्वतःच्याच पायावर ओतली. मग डबा बाल्कनीत गेला, वायरी खिडकीच्या भोकातून आत आल्या आणि मच्छरदाणी लागली.

पंखा गेला तर 'हूंऽऽ' असा एक आवाज राहिला. काकांनी गिटारच्या तारांवर हात ठेवला की तो थांबायचा, काढला की सुरू. "अर्थिंग नाही," काका कुजबुजले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकी भीती कधी पाहिली नव्हती. ते बिल्डिंगभर अर्थिंगच्या हिरव्या वायरचा माग काढत फिरले. वायर तीन मजले खाली जमिनीत जायला हवी होती, ती निघाली गच्चीवर, एका वाळक्या तुळशीच्या कुंडीत खोचलेली. आख्खी बिल्डिंग इतकी वर्षं त्या कुंडीच्या भरवशावर कपडे धूत होती! सेक्रेटरींनी मुकाट्याने वायरमन बोलावला. पण लोक असे की त्यांना कुंडीचा राग आला नाही, ती शोधून काढणाऱ्याचा आला.

हूंऽऽ गेला तर फ्रिज ऐकू यायला लागला. फ्रिज बंद केला, दूध नासलं. ट्यूबलाइट बंद केली, काका अंधारात ठेचकाळले. मग पाळी आली पंपाची. संध्याकाळी पाणी चढवायचा पंप लागला की भिंतीतून घरघर येते. तो तासभर उशिरा लावा, असा अर्ज करायला काका गेले. पाण्याच्या वेळेला हात लावणं म्हणजे काय, हे डोंबिवलीच्या माणसाला सांगायला नको. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी काकांना दगडावर आपटलेल्या धुण्यासारखं धुतलं.

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग एक दिवस काकांनी काकूंनाच बंद केलं.

म्हणजे घराबाहेर काढलं हो! रोज दुपारी काका दाराशी येऊन म्हणायचे, "मंजिरीकडे जाऊन बस जरा." आणि काकू पिशवीत सुका जवळा नाहीतर कोळंबी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायच्या, खाली बसून निवडत राहायच्या. मी टेबलावर हिशोब करायचे. भिंतीपलीकडून गिटार यायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून यायची. माझा लॅपटॉप मासळीच्या वासाचा झाला, त्याचं काही नाही. पण दिवेलागणीचं गाणं बंद पडलं. काका संध्याकाळी दमून आडवे व्हायचे.

असे काही दिवस गेले. मग एकदा जवळा निवडता निवडता खालीच बघत म्हणाल्या, "मंजिरी, माझा आवाज वाईट झालाय का गो?"

"काहीतरीच काय, काकू!"

"मग मना घरात का नको? इतकी वर्सं माझ्याच गान्यावर वाजवलंन, आता मशीन आली तर मी नको. मना तोंडावर सांगवत नसेल त्यांना." आणि मग हळूच, "त्यांच्या मानेचं आप्रेशन हाय. रविवारी भरती व्हायचंय. छोटंच हाय, दोन दिवसांत घरी येईन बोलतात. पन ह्यो मानूस लिफ्टला घाबरतो, आनि आप्रेशनला घाबरत नाय? मना त्याची भीती वाटतेय."

माझं डोकंच फिरलं. मी मुळात तापट, त्यात ऑफिसचा वर्षअखेरीचा ताप. काकूंना तिथेच बसवून मी तरातरा शेजारी गेले.

"काका, लाज वाटत नाही का हो? त्या माउलीला घराबाहेर काढता त्या डबड्यासाठी? ती तिकडे रडतेय!"

काका गिटार मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनी हेडफोन काढला. मला वाटलं, आता म्हणतील, धोका आहे. पण नाही. शेजारी वाळत घातलेल्या बनियनचा चिमटा त्यांनी काढला, डाव्या हाताच्या करंगळीला लावला. मग अंगठीच्या बोटाला दुसरा लावला. कडक स्प्रिंगचे चिमटे. मला बघवेना.

"काढा ते!"

"काही कळत नाही गं," काका म्हणाले. "लावलाय की नाही हे बघितल्यावर कळतं. गिटारवरही आता बोट बघून ठेवावं लागतं. मानेतला मणका दाबतोय. ऑपरेशन केलं नाही तर दुसराही हात जाईल. केलं तर हा परत येईल की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी चारदा विचारलं. ते म्हणाले, बघू."

मी उभी होते ती बसले. ते स्क्रू, ती बटणं, "तुझी बोटं हलकी आहेत", सगळं एकदम ध्यानात आलं.

"मला वाजवायला नाही मिळालं तर चालेल," काका म्हणाले. "आयुष्यभर वाजवलं. पण ती कशावर गाणार? तू ओळखतेस ना तिला. कोणासमोर गात नाही, नुसतीही गात नाही. माझी गिटार थांबली की ती थांबली. म्हणून तिचे सगळे धवले वाजवून ठेवतोय. ती घरात असली तर विचारील, एकच गाणं इतक्या वेळा कशाला? काय सांगू? तिला बोलू नकोस. ती घाबरते."

ती घाबरते! हे कोण सांगतंय बघा. मी डोळे पुसले, घरी आले आणि काकूंना थाप मारली की मशीनला दोन माणसांच्या श्वासाने दमटपणा येतो. त्यांना ती पटली नाही, पण त्यांनी कोळंबी पुढे ओढली.

त्या दिवसापासून काकांची भीती मला चिकटली. काकांपेक्षा मीच वाईट झाले. खाली क्रिकेट खेळणाऱ्यांना हाकललं. भंगारवाल्याला गेटवरून परत पाठवलं. नवऱ्याला सांगितलं, दुपारी घरात शिंकायचं नाही. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींशी तर मी पंपावरून अशी भांडले की आमचं संक्रांतीचं हळदीकुंकू तुटलं. रविवार जवळ येत होता आणि भिंतीपलीकडची गिटार रोज जास्त जास्त अडखळत होती. एकेक धवला पुरा झाला की काका भिंतीवर बोटाने टकटक करायचे, आणि मी काकूंना दिसू नये म्हणून फोडणीत तोंड घालून सुस्कारा सोडायचे.

शुक्रवारी एकच धवला उरला होता, हळदीचा. काकूंचा सगळ्यात लाडका. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे विजेच्या देखभालीचा दिवस, लाइट कधी जातील ते देव जाणे. काका शुक्रवारी कधी कॉम्प्युटर लावत नसत. पण आता इलाज नव्हता. शनिवार तपासण्यांत जाणार होता.

काकू माझ्याकडे. गिटार सुरू झाली. हळदीचा धवला लांब आहे. अर्धा झाला, पाऊण झाला, मी श्वास धरून बसले, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबला. लाइट गेले.

पलीकडून एक विचित्र आवाज आला. गिटारचा नव्हे, काकांचा. आम्ही दोघी धावलो. काका बाल्कनीत जमिनीवर बसलेले, मच्छरदाणीत डोकं घालून.

"असा चालू असताना गेला, मंजिरी. लिहीत असताना गेला. आता आतली डिस्क उघडेल की नाही कोण जाणे."

"अहो, पण लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा डबा होता ना त्याला?"

"काढला. तो मधमाशीसारखा गुणगुणायचा."

"आणि ती दुसरी प्रत? आपोआप निघते ती?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. बंद केलेली. बटण मीच दाबलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सेफ्टीची काळजी वाहिलेल्या माणसाने आणि हिशोबाच्या प्रती काढून पोट भरणाऱ्या बाईने मिळून सगळं एवढं नीट बंद केलं होतं की वाचवणारंही काही चालू ठेवलं नव्हतं.

"पन इतकं काय हाय त्यात?" काकूंनी विचारलं.

काका मच्छरदाणीची जाळी सरळ करायला लागले. मग मीच बोलले. बोलू नकोस म्हणाले होते, खड्ड्यात गेलं ते! मी सगळं सांगून टाकलं. मणका, बोटं, चिमटे, डॉक्टरांचं 'बघू'. काकू ऐकत होत्या आणि काकांच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. मग त्या खाली बसल्या, तो हात त्यांनी पदरात घेतला आणि चोळायला लागल्या. "मेल्या," एवढंच म्हणाल्या. "मना वाटलं, तुला मी नको झाले."

लाइट येईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. पाल नाही, मुंगी नाही, बाल्कनीत नुसती ती छत्री हलत होती. मला राहवेना म्हणून मी घरी जाऊन दोन्ही घरांचं वरण-भात कुकरला लावून, गॅस बारीक करून आले. भीती वाटली की मी कुकर लावते, त्याला काय करणार.

लाइट आले. "तू दाब," काका म्हणाले. मी "गणपतीबाप्पा" म्हणून दाबलं. काळा पडदा. पांढरी अक्षरं. पुन्हा काळा. काकांनी डोळे मिटून घेतलेले, काकू कुलदेवी एकवीरेला काहीतरी बोलून मोकळ्या झालेल्या. मग हळूहळू एकेक खूण उमटली आणि धवल्यांची यादी दिसली. सगळे होते. फक्त हळदीचा नव्हता.

खरंच वाजतात का बघायला मी पहिला लावला. गिटार सुरू झाली. थोडी वाजून थांबली. मला वाटलं, बिघडलं. पण पुढे सरकली. पुन्हा थांबली. काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले, तिसऱ्या ओळीला आवाज फुटला. मी समोर आहे हे त्या विसरल्या. आणि मग मला कळलं, गिटार कुठे थांबत होती ते. काकूंचा श्वास जिथे संपायचा, तिथे. एका ठिकाणी ओळीच्या अधेमधेच थांबली, आणि काकूंनी तिथेच आवंढा गिळला आणि पुढची ओळ उचलली. त्या रिकाम्या खोलीत काका एकटे बसून, बधिर बोटं डोळ्यांनी बघून ठेवत, तिचा श्वास मोजत होते. मी मान फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. मला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही.

"आनि हळदीचा?" गाणं संपल्यावर काकूंनी विचारलं.

"आता नाही होणार," काका म्हणाले. "फ्रिज चालू झालाय. पंप लागेल. खाली पोरं आलीत."

"असू दे. मी हितं बसते. गात नाय. नुसते ओठ हलवते, तू बघून वाजव."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीही बंद न करता हात लावला. काकू पलंगावर समोर बसल्या आणि आवाज न काढता सबंध धवला गायल्या. काकांची नजर एकदा बोटांवर, एकदा तिच्या ओठांवर. पंप घरघरला, थांबले नाहीत. ऐन शेवटच्या कडव्यात, काकूंना श्वास घेऊ द्यायला गिटार थांबली त्या बरोब्बर जागेवर, भिंतीपलीकडून माझ्या कुकरने अशी काही शिट्टी मारली की काका पलंगावरून वीतभर उडाले. मी जीभ चावली. काकूंनी डोळे वटारले, माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडे. काकांनी पुढची ओळ वाजवली.

"पुन्हा करू या का?" मी चाचरत म्हटलं.

काकांनी डावा हात मांडीवर ठेवला होता. त्याची बोटं ते उजव्या हाताने एकेक करून सरळ करत होते. "राहू दे," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. काकूंचा हात माझ्या हातात होता आणि दोघींचे हात गार होते, एवढंच. काका मानेला पट्टा लावून घरी आले. दुसरा हात वाचला. डाव्याबद्दल डॉक्टर अजूनही म्हणत होते, "बघू." काका त्या हाताने रोज काकूंचं तांदळाचं पीठ मळायचे, तो व्यायाम होता. भाकऱ्या मात्र काकूंना पुन्हा मळून कराव्या लागायच्या.

आणि दिवेलागणीला भिंतीपलीकडे गाणं पुन्हा सुरू झालं. कॉम्प्युटरची गिटार आणि काकूंचा आवाज. शेवटी रोज हळदीचा धवला, आणि त्याच्या शेवटच्या कडव्यात माझ्याच कुकरची शिट्टी. पहिल्यांदा तर मी धावत गॅस बंद करायला गेले, ओट्यावर काहीच नव्हतं. नवरा हसला. पुढे सवय झाली. शिट्टी झाली की मी पानं घ्यायचे. पण मनात रोज एकच भीती, हेच आता कायमचं की काय? ही गिटार अशीच राहणार, तिच्यात एक सूरही नवा लागणार नाही.

परवा संध्याकाळी मी खरोखरच कुकर लावलेला, आणि ओट्याशी उभी होते. पलीकडे हळदीचा धवला चाललेला. शेवटचं कडवं आलं. काकूंचा श्वास संपला, गिटार थांबली, मी सवयीने पानं घ्यायला वळले.

शिट्टी आलीच नाही.

मी होते तिथेच थिजले. पुढची ओळ सुरू झाली, आणि गिटारची एक तार चुकीची लागली, खर्रकन. मग गिटार थांबली. चाचपडत थांबली. आणि काकू थांबल्या. त्यांच्यात श्वास होता, पुढची ओळ येत होती, तरी थांबून राहिल्या, पलीकडचं बोट जागेवर जाईपर्यंत. मग सूर लागला, बारीक, आणि त्या पुढे गायल्या.

माझ्या कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात होती, झाकण थरथरत होतं. मी झडप घालून गॅस बंद केला. मग एक्झॉस्ट पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. फ्रिज गुरगुरत होता, त्याचंही बटण बंद केलं, आणि अंधारात भिंतीला कान लावून उभी राहिले. दूध नासलं तर नासू दे.